उन्हाळी शिबिरातून नागरिकशास्त्र: शिरूर आणि दौंडच्या उदाहरणाने

उन्हाळी शिबिर म्हटले की पोहणे, चित्रकला, हस्ताक्षर, किल्ले-भ्रमंती अशी यादी डोळ्यांसमोर येते. या यादीत अलीकडे ‘संविधान’, ‘लोकशाही’, ‘युवा नागरिक’ अशा नावांची शिबिरेही दिसू लागली आहेत. अशा शिबिरात नेमके काय शिकवतात, शाळेत नागरिकशास्त्र असताना वेगळे शिबिर कशाला हवे आणि चार-पाच दिवसांत मुलांच्या हाती काय लागते, हे प्रश्न पालकांना पडतात. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचे उदाहरण घेऊन हा विषय समजून घेऊ.

नागरी शिक्षण म्हणजे काय?

आपण ज्या गावात, राज्यात आणि देशात राहतो, तेथील सार्वजनिक कारभार कसा चालतो हे कळणे आणि त्यात भाग घेता येणे, याला नागरी शिक्षण म्हणतात. त्याचे तीन भाग आहेत.

पहिला भाग माहितीचा: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, न्यायालय यांची कामे कोणती. दुसरा भाग कौशल्याचा: अर्ज लिहिणे, सभेत मुद्दा मांडणे, जमाखर्च वाचणे, बातमी खरी की खोटी हे तपासणे. तिसरा भाग मूल्यांचा: संविधानाच्या उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द रोजच्या वागण्यात कसे उतरतात, हे पाहणे.

शाळेत पहिला भाग बऱ्यापैकी होतो. दुसरा आणि तिसरा भाग सरावाशिवाय येत नाही. सायकल कशी चालवतात हे फळ्यावर समजावून सांगता येते, पण तोल सांभाळायला सायकलवरच बसावे लागते. तसेच हे आहे.

शाळेत शिकवतात, मग शिबिर कशाला?

महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला भारतीय संविधान आणि आठवीला संसदीय शासनपद्धती येते. दहावीत ‘इतिहास व राज्यशास्त्र’ असा ४० गुणांचा एकत्र पेपर असतो आणि त्यात राज्यशास्त्राचा वाटा इतिहासापेक्षा कमी असतो. त्यामुळे हा विषय ‘शेवटच्या आठवड्यात वाचून होतो’ अशी समजूत रूढ आहे. सरपंचाची कामे पाठ असलेल्या मुलाने आपल्या गावचे ग्रामपंचायत कार्यालय आतून पाहिलेले नसते, असे सर्रास आढळते.

शिबिराला तीन गोष्टींचा फायदा असतो. गुण नसतात, म्हणून चुकीचे उत्तर देण्याची भीती नसते. तास ३५ मिनिटांचा नसतो, म्हणून एखाद्या प्रश्नामागे दिवसभर जाता येते. तिसरे म्हणजे, वेगवेगळ्या शाळांतील, वाड्या-वस्त्यांवरील मुले-मुली एकत्र जेवतात, भांडी घासतात, गटात काम वाटून घेतात. समतेचा पहिला पाठ तिथेच, पंगतीत मिळतो.

महाराष्ट्रातली परंपरा

शिबिरातून नागरिक घडवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख झाले. साने गुरुजींसारखे शिक्षक या कामाशी जोडले गेले. रोजच्या शाखेबरोबरच सुट्टीतली शिबिरे हा दलाचा कणा होता. श्रमदान, बौद्धिक, खेळ, संचलन आणि समूहगीत असा त्यांचा दिनक्रम असे. दलाच्या कलापथकाने नाटुकली आणि गाण्यांतून सामाजिक प्रश्न गावोगाव नेले. निळू फुले आणि दादा कोंडके हे पुढे नावारूपाला आलेले कलावंत याच कलापथकातून घडले.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालयीन पातळीवर २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. एन.एस.एस. या नावाने ती घरोघरी ठाऊक आहे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा तिचा साचा आहे.

शाळेच्या पातळीवर दोन उपक्रमांची नोंद घ्यायला हवी. नागपूर जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये शाळांतून उद्देशिकेचे वाचन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन सुरू केला. राज्याने तो २००८ मध्ये आणि केंद्राने २०१५ मध्ये स्वीकारला. दुसरा उपक्रम ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात संवैधानिक मूल्ये खेळ, जोडीचर्चा आणि गटकामातून शिकवली जातात.

परदेशातही अशी उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९३५ पासून ‘बॉइज स्टेट’ नावाची उन्हाळी शिबिरे भरतात. तेथे शाळकरी मुले आठवडाभर कल्पित राज्य चालवतात, पक्ष काढतात, निवडणुका घेतात आणि कायदे करतात. आपल्याकडे मात्र कल्पित राज्य उभारण्याची गरज नाही. खरी ग्रामपंचायत चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

शिरूर आणि दौंडमध्ये शिकण्यासारखे काय आहे?

हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर घोडनदीच्या काठी, तर दौंड भीमेकाठी पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर. दोन्हीकडे ऊस, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती आहेत. शिरूरला रांजणगाव, दौंडला कुरकुंभ. शिरूर आणि दौंड या शहरांत नगरपरिषद आहे, बाकी गावांत ग्रामपंचायत. एकाच तालुक्यात बागायतदार, कंत्राटी कामगार, रेल्वे कर्मचारी, ऊसतोड मजूर आणि वीटभट्टीवरची कुटुंबे राहतात. सार्वजनिक कारभाराचे जवळजवळ प्रत्येक खाते येथे रोज भेटते.

शिकण्याची जुनी रीतही जवळच आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावाच्या गरजेची कामे हातांनी करत शिकायचे, हे तेथील सूत्र. वेल्डिंग, बांधकाम, शेती अशी कामे शिकण्यासाठी जी रीत चालते, ती कारभार शिकण्यासाठीही चालते.

या भागाला बंधुतेचा पाठ का हवा, हेही स्पष्ट आहे. कोरेगाव भीमा आणि वढू बुद्रुक ही गावे शिरूर तालुक्यात आहेत. १ जानेवारी २०१८ रोजी या परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, त्यात एका तरुणाचा जीव गेला. दौंड तालुक्यातील यवतमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमावरील एका पोस्टवरून तणाव पेटला. येथील मुलांनी या घटना घराच्या ओट्यावरून पाहिल्या किंवा मोबाइलवर अनुभवल्या. उद्देशिकेतील ‘बंधुता’ हा शब्द त्यांच्यासाठी परीक्षेपुरता नाही.

शिबिरात काय करता येते?

१. ‘हे काम कोणाचे?’

सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी खेळ. चिठ्ठ्यांवर गावातल्या अडचणी लिहायच्या आणि त्या योग्य कार्यालयाच्या डब्यात टाकायच्या.

– गल्लीतला दिवा बंद: ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद.
– शेतातला डीपी जळाला: महावितरण.
– वस्तीजवळ बिबट्या दिसला: वनविभाग. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो.
– कुरकुंभ परिसरात उग्र वास, ओढ्याला रंगीत पाणी: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.
– पुणे-सोलापूर महामार्गावरचा धोकादायक वळसा: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण.
– दौंड स्थानकातील पिण्याचे पाणी: रेल्वे, म्हणजे केंद्र सरकार.
– रेशनवर धान्य कमी मिळाले: तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा.
– कालव्याचे आवर्तन लांबले: जलसंपदा विभाग.

शेवटच्या चिठ्ठीवर हमखास चर्चा रंगते. खडकवासल्याचे पाणी नव्या मुठा उजव्या कालव्याने दौंड आणि इंदापूरकडे येते, आणि त्याच धरणसाखळीवर पुणे शहर अवलंबून आहे. शिरूरच्या काही भागाला चासकमान आणि घोड धरणाचे पाणी मिळते. उन्हाळी आवर्तन किती आणि कधी सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. ‘पाणी आले नाही’ या तक्रारीमागे शहर आणि शेती यांच्यातील वाटपाचा निर्णय असतो, हे मुलांना कळते. राजकारण म्हणजे फक्त निवडणूक नव्हे, मर्यादित गोष्टीची वाटणी ठरवणे हेही राजकारणच, हा मोठा धडा येथे मिळतो.

२. आपला मतदारसंघ शोधा

तालुक्याचा नकाशा आणि मतदारसंघाचा नकाशा एकच असतो, असे अनेकांना वाटते. या भागात ते खोटे ठरते. दौंड तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात आहे, शेजारचा शिरूर तालुका शिरूर लोकसभा मतदारसंघात. त्याच शिरूर मतदारसंघात पुणे शहरातले हडपसर आणि पिंपरी-चिंचवडमधले भोसरीही येते. शिरूर तालुक्यातील काही गावे तर विधानसभेसाठी आंबेगाव मतदारसंघाला जोडलेली आहेत. तेथील मुलाचा तहसीलदार शिरूरचा, पण आमदार आंबेगावचा. आपल्या गावचा ग्रामपंचायत सदस्य, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट, आमदार आणि खासदार अशी पाच पायऱ्यांची शिडी प्रत्येकाने भरायची. पहिल्या प्रयत्नात ती पूर्ण भरणारी मुले थोडीच निघतात, आणि घरी विचारल्यावर मोठ्यांचीही गडबड होते.

३. ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचा

ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक ‘नमुना १’ मध्ये असते, घरपट्टीची आकारणी ‘नमुना ८’ मध्ये. गावाचा विकास आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. त्यातील आकडे गटाने वाचायचे आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम पाहायचे.

वाचताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के रक्कम ‘बंधित’ होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची होती. उरलेली ४० टक्के ‘अबंधित’ रक्कम गावाच्या गरजेनुसार वापरता येत होती. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करणे अपेक्षित असते. ‘आमच्या गावात १० टक्के म्हणजे किती रुपये आणि ते कशावर गेले?’ हा प्रश्न चौदा वर्षांची मुलगीही विचारू शकते.

४. अभिरूप ग्रामसभा

मुलांनी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सदस्य आणि ग्रामस्थ अशा भूमिका घ्यायच्या आणि नियमांनुसार सभा चालवायची. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ६०० मतदारांच्या गावात ९०, आणि ३००० मतदारांच्या गावातही १०० पुरतात. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ‘लोक आले नाहीत तर काय होते?’ याचे उत्तर मुले इथे स्वतः शोधतात: निर्णय तरीही होतात, फक्त थोडेजण घेतात. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद का आहे, हेही भूमिका बदलून पाहिल्यावर पटते. मुलांनी स्त्रियांच्या आणि मुलींनी सरपंचाच्या भूमिका कराव्यात.

५. एक खरा अर्ज

शिबिराचा निकाल कागदावर दिसावा. प्रत्येक गटाने एक खरी अडचण निवडून संबंधित कार्यालयाला पत्र लिहायचे: तारीख, विषय, जागेचे नेमके वर्णन, मागणी आणि सह्या. पत्र देऊन पोच घ्यायची. पोच घेणे ही सवय लागली, तरी शिबिराचे मोठे काम झाले.

माहितीचा अधिकारही येथे शिकवता येतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यामागच्या आंदोलनाचे केंद्र असलेले राळेगणसिद्धी घोडनदीपलीकडे पारनेर तालुक्यातच आहे. आज २००५ चा केंद्रीय कायदा लागू आहे. राज्यात अर्जाला १० रुपये शुल्क लागते, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. हा अधिकार ‘नागरिकाला’ आहे, कायद्यात वयाची अट नाही. तरी मुलांच्या बाबतीत अर्ज गटाने, पालकांना विचारून आणि मोठ्या माणसाच्या सोबतीने करणे शहाणपणाचे.

६. फॉरवर्ड करण्याआधी

मोबाइलवर आलेला एक जुना व्हिडिओ घ्यायचा आणि तो कधीचा, कुठला, कोणी टाकला हे शोधायचे. त्यानंतर विचारायचे: हे खोटे निघाले तर कोणाच्या दुकानावर दगड पडला असता? त्याचे मूल आपल्या वर्गात असते तर? ज्या परिसराने जाळपोळ पाहिली आहे, तेथे हे सत्र शिबिराच्या शेवटच्या दिवशी ठेवावे. एकत्र जेवलेली, एकाच गटात राबलेली मुले तेव्हा मोकळेपणाने बोलतात. जुन्या घटनेत चूक कोणाची याचा निवाडा शिबिराने करू नये. त्या दिवशी एखाद्या तरुणाने काय केले असते तर फरक पडला असता, एवढाच प्रश्न ठेवावा.

१ मे ते १५ ऑगस्ट: शिबिर टिकते कशाने?

बहुतेक शिबिरांची कमजोरी एकच असते. समारोपाला उद्देशिका वाचली जाते, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की सगळे विसरले जाते. यावरचा उपाय ग्रामसभेच्या वेळापत्रकातच आहे.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. यातली १ मेची सभा सुट्टीच्या तोंडावर येते. शिबिरार्थींनी ती सभा श्रोते म्हणून पाहावी: कोण बोलले, कोण गप्प राहिले, किती बायका आल्या, कोणता ठराव झाला. मे महिन्यातील शिबिरात त्या ठरावांचा अभ्यास करावा, पत्र द्यावे. मग १५ ऑगस्टच्या सभेला जाऊन ‘मे मधल्या पत्राचे काय झाले?’ एवढे विचारावे.

अठरा वर्षांखालील मुले ग्रामसभेची सदस्य नसतात, त्यांना मत नसते. बोलायचे तर सभाध्यक्षांची परवानगी घ्यावी लागते. पण गावाचा विकास आराखडा करताना बालसभा घेण्याची पद्धत आहे, तिथे त्यांचे म्हणणे नोंदवता येते. निवडणूक आचारसंहितेमुळे कधी सभेची तारीख पुढे जाते, म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावरची नोटीस पाहून ठेवावी.

शिरूर आणि दौंड शहरात ग्रामसभा नसते. तेथील मुलांनी आपल्या प्रभागाचे नगरसेवक आणि नगरपरिषदेचे मुख्याधिकारी यांना पत्र द्यावे आणि १५ ऑगस्टपर्यंत पाठपुरावा करावा.

कोण बाहेर राहते?

सुट्टीतील शिबिराला कोण येते, हे पाहिले की कोण येत नाही हेही कळते. मुलींना घरकाम आणि लहान भावंडे असतात. संध्याकाळी उशीर झालेला घरी चालत नाही. वीटभट्टीवरची, कंत्राटी कामगारांची मुले यादीतच नसतात, कारण यादी शाळेतून येते. ऊसतोड कुटुंबे तर गाळप हंगाम संपवून उन्हाळ्यापूर्वी आपापल्या गावी परतलेली असतात.

म्हणून निवासी शिबिराऐवजी वस्तीजवळ, सकाळी ७ ते ११ असे शिबिर ठेवले तर मुलींची उपस्थिती वाढण्याची शक्यता अधिक. लहान भावंडांना सोबत आणू द्यावे. कामगार वस्तीत स्वतः जाऊन बोलवावे आणि हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी गटात एक जोडीदार द्यावा.

मुलींचा सहभाग आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. नववी-दहावीतल्या मुलीला हे दोन तपशील माहीत असणे आणि तिच्या मैत्रिणींना ते माहीत असणे, याने एखादीचे शिक्षण वाचू शकते.

आयोजकांनी पाळायची पथ्ये

– कोणत्याही पक्षाचा झेंडा, नेत्याचा फोटो किंवा प्रचार नको. सर्व बाजूंच्या लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारता यावेत.
– पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे. महिला कार्यकर्त्या पूर्णवेळ असाव्यात.
– मुलांनी दिलेल्या अर्जामुळे त्यांच्यावर किंवा घरच्यांवर दबाव येणार नाही, याची जबाबदारी आयोजकांची. वादग्रस्त विषयावर मुलांना पुढे करू नये.
– मे महिन्यात दुपारी बाहेरची भेट ठेवू नये. पाणी, सावली आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर हाताशी असावा.
– भाषणे कमी, फिरणे आणि विचारणे जास्त.

सतरा वर्षांच्या मुलांसाठी

१९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांना ‘नमुना ६’ आधीच भरून ठेवता येतो. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला मात्र २१ वर्षे पूर्ण लागतात. शिबिराच्या शेवटच्या सत्रात गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, बोलावले तर अर्ज तिथेच भरून होतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शिबिर किती वयाच्या मुलांसाठी असावे?
आठवी ते बारावी हा गट योग्य. लहान मुलांसाठी खेळ आणि गोष्टींचे वेगळे सत्र ठेवावे.

खर्च किती येतो?
जिल्हा परिषद शाळेची किंवा समाजमंदिराची जागा मिळाली, तर कागद, नाश्ता आणि प्रवास एवढाच मुख्य खर्च असतो. ग्रामपंचायत आपल्या महिला व बालकल्याण निधीतून मदत करू शकते का, हे ठरावाने विचारता येते.

मुले राजकारणात पडतील का?
शिबिरात पक्ष शिकवत नाहीत, कारभार शिकवतात. कारभार कळलेला तरुण कोणाच्याही मागे डोळे झाकून जाण्याची शक्यता कमी असते.

शिबिर यशस्वी झाले हे कसे ओळखावे?
प्रमाणपत्रे मोजू नयेत. किती पत्रांना पोच मिळाली, किती उत्तरे आली आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत किती शिबिरार्थी हजर होते, हे मोजावे.